कल्याणप्पांना न विचारता

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय आण्णासाहेब, व्यासपीठावरची पंच आणि पाहुणेमंडळी, कन्याशाळा समितीचे मावळते अध्यक्ष आणि आजचे सत्कारमूर्ती कल्याणप्पा, त्यांच्या पत्नी रुद्रम्माकाकू, आणि मठाच्या या मंडपात घामाघूम होऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हां सर्वांना कमलबाई मास्तरणीचा नमस्कार.

घामाघूम का, तेही सांगते. आण्णासाहेब म्हणाले होते, सभा ऊन उतरल्यावर घेऊ. लगेच अप्पांनी भर दुपार ठरवली. हसताय काय? जळकोटात हे कुणाला नवीन आहे?

माझ्याआधीच्या वक्त्यांनी एकच गौरव पुन्हा पुन्हा केला, की निजामाच्या राजवटीत कल्याणप्पा वाकले नाहीत. मीही टाळ्या वाजवल्या, कारण ते खरंच आहे. पण त्यांच्या न वाकण्यानं कुणाचं काय झालं, हेही कुणीतरी सांगायला नको का? मला बोलायला उभं करायची चूक तुम्ही केलीच आहे, तर आता ऐका.

याच मठाच्या ओवरीत आम्ही मुलींची मराठी शाळा काढली. अप्पा अध्यक्ष, मी शिकवणारी. परवानगी नव्हती, आणि कुणी विचारतही नव्हतं. एके दिवशी तालुक्याहून साहेब आले. त्यांनी पाट्या बघितल्या, पाढे ऐकले, खूश झाले. चहा पिता पिता म्हणाले, रोज एक तास उर्दू शिकवा, परवानगीचं मी बघतो. मंडळी, माझं स्वतःचं शिक्षण उर्दूत झालेलं. तो तास मीच घेणार होते. मग अडचण कुठं होती? बरं, त्याच्या आदल्याच दिवाळीत समितीत कोण म्हणालं होतं, की पोरींना थोडं उर्दू शिकवा, घरी आलेला सरकारी कागद तरी वाचता येईल? हेच आमचे कल्याणप्पा. तेव्हाचे सभासद इथं समोरच बसलेत, खाली बघू नका. साहेबांनी नेमकं तेच सांगितलं आणि अप्पा म्हणाले, जमणार नाही. साहेब अर्ध्या तासावर आले, तर अप्पा उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कापडाच्या दुकानी गेले. हात जोडले. अप्पांचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे.

"बाई, म्या म्हणलं तवा ती गोष्ट माझी होती. आता ती त्यांची झाली. आता व्हय म्हणलं तर लोक म्हणतील, कल्याणप्पा वाकला."

यात कुठं भाषा आली? कुठं स्वराज्य आलं? ज्यांनी त्या काळात तत्त्वासाठी घरदार सोडलं, मार खाल्ला, त्यांच्यापुढं मी डोकं ठेवते. अप्पांना त्यांच्या रांगेत बसवू नका, एवढंच म्हणणं आहे. शाळेला कुलूप लागलं. समिती मात्र चालू राहिली. शाळा नसलेल्या शाळेचे अध्यक्ष म्हणून अप्पा दर बैठकीत लोडाला टेकून बसले, आणि त्याच सेवेबद्दल आज त्यांना शाल मिळाली आहे.

माणूस असा का होतो, याचा मी लई विचार केला. अप्पा घरातले थोरले. धाकटे भाऊ त्यांच्यापुढं मान वर करत नव्हते. गावात कापडाचं दुकान एकच, त्यामुळं भाव ते सांगतील तो. ज्याला जन्मभर कुणाशी बरोबरीनं बोलावंच लागलं नाही, त्याला मधला रस्ता दिसणार कसा? त्यांच्या लेखी बोलणाऱ्या दोघांत एक वरचा आणि एक खालचा. दुसऱ्याचं एक वाक्य मानलं की आपण खालचे झालो. लोक याला करारीपणा म्हणतात. मी भित्रेपणा म्हणते. तोंडावरच म्हणते.

गेल्या साली राज्य बदललं. आता भांडायला निजाम उरला नाही. आपल्या गावच्या बंडप्पांनी त्यांच्या घरातल्या दोन खोल्या शाळेला देऊ केल्या आणि म्हणाले, दार तेवढं गल्लीकडून ठेवा. अप्पांच्याही मनात गल्लीकडूनच होतं, तसं ते बोललेही होते. पण बंडप्पा म्हणाले ना! झालं, अप्पांना दार रस्त्याकडून पाहिजे झालं. खोल्या गेल्या.

आणि महादेवी? अप्पांचीच लेक ती. माझ्या वर्गात तिच्याइतकी हुशार पोर दुसरी नव्हती. शाळा बंद झाल्यावर पाटी घेऊन माझ्या घरी यायची. अप्पांनी तेही तोडलं. लोक म्हणतील, अध्यक्षाची लेक चोरून शिकते. त्याच साली तिचं लग्न लावलं. हळदीच्या अंगानं तिनं मला हळूच विचारलं, बाई, शाळा परत कधी? अप्पा, त्या दिवसापासून मला तुमचा राग आहे. सत्काराच्या दिवशी तो लपवावा, एवढी मी सभ्य नाही.

आता एक आनंदाची बातमी देते आणि बसते. उद्या सकाळी आपली शाळा सुरू होतेय. रुद्रम्माकाकूंच्या वडलांनी त्यांच्या नावावर तेलघाण्याची जागा ठेवली होती, ती काकूंनी दिली. आण्णासाहेबांनी पत्रे घातले. बंडप्पांनी भिंती सारवून घेतल्या. पहिलं नाव अप्पांच्या नातीचं, शिवगंगाचं आहे. मी काकूंना विचारलं होतं, अप्पांच्या कानावर घातलं का? काकू म्हणाल्या, "बाई, इतकी वर्सं सगळं इचारूनच केलं. म्हणून तर माझी लेक अडाणी राहिली."

काकू, रडू नका.

अप्पा, तुम्ही असे चमकून मागं काय बघताय? गेला महिनाभर हे काम चाललंय. गावातल्या लहान पोराला ठाऊक आहे. या मंडपात ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकणारे तुम्ही एकटेच आहात.

अध्यक्षमहाशयांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी उन्हात बसून ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात पाहुण्यांचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. अप्पांना जे बोलले, त्याची माफी मात्र मी मागत नाही.