पोट वर केलेला मासा

अगं, तू आधी ऐक तर. धरणावरची मासेमारीची स्पर्धा संपली, वजनाच्या रांगेत आपली रीबा उभी. तिच्यापुढे म्हातारा ऑर्विल. त्याच्या पाण्याच्या पिशवीत हा एवढा बास मासा, पण पोट वर करून पडलेला. आणि मेलेला मासा काट्यावर घेतच नाहीत. तेवढ्यात मर्ल आला, नुकताच वजन करून पहिला नंबर पटकावलेला.

"मेला का रे?"

"कल्ले हलतायत अजून."

"किती खोलातून काढलास?"

"साठ फुटांवरून."

"मग पोटातली हवेची पिशवी फुगलीय. पोकळ सुई टोचून हवा काढ की."

"हात बघ कसे कापतायत. चौदा वर्षांत पहिल्यांदा असला मासा लागला, मर्ल."

"आण इकडे. डोकं पाण्यातच राहू दे त्याचं."

"तुझ्या माशापेक्षा जड आहे हं हा."

"डोळे आहेत मला. नीट धर."

रीबा मागून मान उंचावून बघत होती. मर्लनं सुई खवल्याखाली घातली, बुडबुडे वर आले, आणि मासा हळूच सरळ होऊन पोहायला लागला.

"हुश्श. तुझा नंबर गेला की रे."

"गेला. सरक पुढे, पाणी तापतंय त्याचं."

आता खरं सांग, मर्लच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?