बाळंतिणीच्या खोलीतले मासे

...नाही, पण मी काय म्हणतो, मासे माझे, खोली माझी, घर माझ्या आज्ज्यानं बांधलेलं, आणि सव्वा महिना मी दाराबाहेर उभा राहून आत विचारायचं, "अंबुबाई, दोघं आहेत ना हो?" आणि आतनं उत्तर काय, तर "आरडू नगंस, झोपल्यात." आता कोण झोपलंय? बाळबाळंतीण झोपलेत की मासे झोपलेत? काही थांग लागू देत नाही बाई. आणि हे सगळं कशापायी? तर एकवीस दिवस. नवे मासे जुन्या माशापासून फक्त एकवीस दिवस वेगळे ठेवायचे, एवढंच माझ्या जावयानं सांगितलं होतं, याच्यावर एक शब्द जास्त नाही.

तुम्ही म्हणाल, वीरभद्रप्पा, तू लिंगायत माणूस, मंगळवार पेठेत तुझं किराण्याचं दुकान, तुझ्या घरात मासे कुठनं आले? जावई, दुसरं कोण! आमची एकुलती एक मुलगी नीलम्मा, निला म्हणतो आम्ही, ती दिली अक्कलकोटच्या शिवप्पाला. मुलगा सोन्यासारखा, सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही, आणि सरकारनं त्याला नोकरी दिली ती कुठं, तर रत्नागिरीला, मत्स्य खात्यात. खायचे नाहीत, नुसते मोजायचे. पण त्या नोकरीपायी निलानं समुद्र पाहिला आणि पोरगी खुळी झाली की हो! दर पत्रात समुद्र. सकाळचा समुद्र, दुपारचा समुद्र, आज समुद्र जरा लांब गेलाय... मी जन्मात सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, मला काय कळणार, पाणी कुठं लांब जातंय?

तर दिवाळीला जावई आले ते एक भलीमोठी काचेची टाकी घेऊन, खाऱ्या पाण्याचे कॅन घेऊन, आणि त्यात दोन मासे. पिवळेजर्द, अंगावर काळे उभे पट्टे. लई देखणे, खोटं कशाला बोलू? आमची काशम्मा, म्हणजे आमचं कुटुंब, उंबऱ्यात हात आडवा लावून उभी. "बेडा म्हणजे बेडा, नको म्हणजे नको. मासे या घरात नकोत." मी म्हटलं, अगं, जावयानं आणलेत, परत कसे पाठवायचे? जावयाचं नाव काढल्यावर तिचा हात खाली आला, पण टाकी राहिली ओसरीवरच. माशांचा खाऊ म्हणजे सुकटीची पूड, तो डबा मात्र घरात नाहीच. तो परसात लिंबाच्या फांदीला टांगलेला, आणि झाडाखाली पेठेतली सगळी मांजरं मान वर करून बसलेली.

महिना बरा गेला. मग जावयानं एका ट्रकवाल्याबरोबर तिसरा मासा पाठवला आणि मी तो आला तसा टाकीत सोडला. माझं काय चुकलं, सांगा? पाहुणा आला तर त्याला ओसरीवर ताटकळत ठेवायचं का? पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दोन गेले. नवा गेला, जुन्यातला एक गेला, एक उरला. तो बिचारा दगडामागं तोंड करून बसला तो बसलाच.

जावयाचं पत्र आलं. "अप्पा, नवा मासा वरनं धडधाकट दिसला तरी आत रोग दडलेला असू शकतो. तो एकवीस दिवस वेगळ्या पाण्यात ठेवायचा, त्याचं भांडं वेगळं, जाळी वेगळी, त्या पाण्यातला हात या पाण्यात घालायचा नाही." हे आधी सांगावं की नाही माणसानं?

पौषात निला बाळंतपणाला आली. जावई सोडायला आले, येताना एक लहान काचेची पेटी आणि तिच्यात नवे दोन मासे. पोरीनं आईला मिठी मारायच्या आधी टाकीत डोकावलं. एकच मासा. पदरानं काच पुसली फक्त. संध्याकाळी मी देवाला दिवा लावत होतो तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अप्पा, हे दोन तरी जगू देत. मला आपलं उगाच काहीबाही वाटतंय." पहिलटकरीण पोर, दिवस भरत आलेले, तिच्या तोंडून असलं ऐकल्यावर बापानं काय करायचं, सांगा? मी म्हटलं, पोरी, या दोघांच्या वाऱ्यालासुद्धा कुणाला उभं करणार नाही. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस.

म्हणणं सोपं आहे हो. ठेवायचे कुठं? स्वयंपाकघरात बेडा. देवाच्या खोलीत विचारायची सोय नाही. ओसरीवर ठेवले, जुन्याच्या टाकीपासनं लांब; त्या टाकीला झाकण आणि ऊब देणारी कांडी, या पेटीला दोन्ही नाही. आणि ओसरी म्हणजे काय, माझ्या ओसरीवरनं अर्धी पेठ जाते. समोरचा तिप्पण्णा, त्याचं तंबाखूचं दुकान, तो पहिल्याच सकाळी हजर.

"वीरभद्रप्पा, ही दोघं आजारी हायत की काय?"

"नाही."

"मग येगळी का ठेवलीत?"

"आजारी आहेत का ते कळावं म्हणून."

"म्हंजे आजारी नसताना आजाऱ्यासारखं ठिवायचं, का तर आजारी असली तर?"

"हो."

"आणि एकवीस दिवसांनी आजारी न्हाईत आसं कळलं, तर एकवीस दिवस फुकट की!"

वर विचारतो, "घरात नवी सून आली तर तिला बी एकवीस दिवस डब्यात घालताव का?" आणि बोलता बोलता तंबाखू मळलेलं बोट पाण्यात! मी ओरडलो, तर म्हणतो, "बघत हुतो, खारट हाय का." तो गेला, तर गिऱ्हाइकं. कुणी चुरमुरा टाकतंय, कुणी शेंगादाणा टाकतंय, एकीनं तर हळदीकुंकू टाकलं. त्यात पौषातली थंडी, दोन दिवसांत मासे गारठून तळाला. निला खिडकीतनं बघत होती.

घरात मोकळी खोली म्हणाल तर एकच, मागची, बाळंतिणीसाठी चुना देऊन ठेवलेली. मी हिशेब केला, निलाला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे बरोबर एकवीस दिवस! पाणी बदलून पेटी उचलली, मागच्या खोलीत ठेवली, पाण्यात हवा सोडणारा तो विजेचा पंप लावला, दार ओढून घेतलं. सुटलो म्हटलं. आणि सहाव्या दिवशी भल्या सकाळी निलाच्या पोटात दुखायला लागलं.

मी धावलो अंबुबाईकडं. अंबुबाई म्हणजे पेठेची सुईण, सत्तरीची बाई, माझा जन्म तिच्याच हातचा, तेव्हा ती नुकतीच आईच्या हाताखाली शिकत होती. त्यामुळं मी तिला अहोजाहो करतो आणि ती मला अरेतुरे. ती आली ती पदर खोचून थेट खोलीत, आणि मला आठवलं... पेटी! मी मागनं पळत, "अंबुबाई, एवढे मासे बाहेर काढतो." तिनं पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे का ठिवल्यात हितं?"

मी एका दमात सांगितलं, बाहेरनं आलेत, नवे आहेत, आणखी दोन आठवडे कुणाचा संसर्ग नको, वेगळं पाणी, वेगळं भांडं, वेगळा हात.

"मंग एवढं काय समजावून सांगतुयास मला? नवा जीव हाय, भाईरचा वारा लागू द्यायचा न्हाय. पन्नास वर्सं मी दुसरं काय करतीया?"

अख्ख्या सोलापुरात, सांगतो तुम्हाला, हे कळलेली ही पहिली बाई! मला इतकं भरून आलं की मी म्हणणार होतो, अंबुबाई, तुमचे पाय कुठं आहेत... तर ती म्हणाली, "आता तू भाईर हो." आणि दार लावलं ते माझ्या नाकावर.

नातू झाला. आतनंच कळलं. निला बरी, बाळ बरं, काशम्मा रडतीय. मी विचारलं, मासे? तर आतनं काशम्माचा आवाज, "अय्यो शिवने, याला आत्ता मासे सुचतायत!" अहो, पण मला कुणी आत घेईना, त्याला मी काय करू?

मग सुरू झाला अंबुबाईचा कारभार. आमच्यात बाळंतिणीचा विटाळ मानत नाहीत, पण तिला सांगणार कोण? खोलीत जाणारा माणूस आधी गरम पाण्यानं हातपाय धुणार, धूतवस्त्र नेसणार. बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला स्वामी आले, त्यांनाही तिनं दारात थांबवून पाय धुवायला लावले, दोनदा! आणि मी? "तू दुकानात बसतूस, धा गावची मानसं हात लावून जात्यात. तू हितनंच बघ." हितनं म्हणजे कुठनं? दाराच्या फटीतनं. फटीतनं काय दिसतं? पेटीचा एक कोपरा आणि अंबुबाईचं ढोपर.

माशांचं सगळं तिनं बाळाच्या बरोबरीनं चालवलं. बाजेखाली शेगडी, खोली उबदार, ओसरीवर गारठलेले मासे दोन दिवसांत पोहायला लागले. ओव्या-शेपाची धुरी द्यायची तेवढा वेळ पेटीवर ओलं फडकं आणि पेटी दुसऱ्या कोपऱ्यात. वीज गेली की पंप बंद, तर ही पेल्यानं पाणी उचलून उंचावनं धार धरायची, का, तर "पान्यात जीव र्‍हातो." दर तिसऱ्या दिवशी मासे बादलीत, पेटी गरम पाण्यानं धुऊन, पुसून, जावई ट्रकनं पाठवायचे त्या कॅनमधलं नवं पाणी. जावयानं एवढं सांगितलं नव्हतं!

आणि एक दिवस आतनं निलाचा आवाज आला, बारीक, "अप्पा, एकाच्या अंगावर ठिपके दिसतायत." सगळं तेच पुन्हा! जावयानं मागं एकदा मोरचुदाचं औषध सांगितलेलं, मी सोनाराच्या काट्यावर कणभर तोलून आणलं, दारातनं पुडी पुढं केली. पुडी परत अंगावर आली. "बाळाच्या खोलीत इख आनतुस व्हय रं? सर मागं." मग आतनं पाण्याचा आवाज. मी विचारलं, काय करताय? तर म्हणे, "आंगूळ घालतीया."

"कुणाला?"

"माशाला. सारखं खाऱ्या पान्यात, आंगाला खाज सुटत असंल. गोड्या पान्यात धरते जरा."

अहो, समुद्रातला मासा! गोड्या पाण्यात! मी दार बडवलं, अंबुबाई, मरेल तो! तर आतनं, "बाळ झोपलंय." माझा जीव दाराच्या कडीत अडकलेला. तीन-चार मिनिटांनी पाण्याचा आवाज पुन्हा, आणि मग निला हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अप्पा, पोहतोय."

दोनचार आंघोळी झाल्या आणि ठिपके गेले. मी रत्नागिरीला पत्र टाकलं होतं की काय करू, त्याचं उत्तर आठ दिवसांनी आलं. "ठिपके दिसल्यास मासा दोनतीन मिनिटं कोमट गोड्या पाण्यात धरावा, पेटी वरचेवर गरम पाण्यानं धुऊन पाणी बदलावं." मी ते पत्र दारात मोठ्यानं वाचून दाखवलं. अंबुबाई म्हणाली, "जावई शाना हाय तुजा."

एकविसावा दिवस आला. मी जाळी घेऊन दारात. झाले म्हटलं एकवीस दिवस, द्या मासे, सोडतो टाकीत. "कसलं एकवीस? सव्वा म्हयना." अंबुबाई, माशांना एकवीसच असतात! "त्वा जन्मात किती बाळंतपनं केलीस?" जाळी परत खुंटीला टांगली. जुना पट्टेवाला ओसरीवरच्या टाकीत एकटा, मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून.

सव्वा महिना झाला. बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं, माझ्या हातात दिलं, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मी मासे विसरलो. इवलीशी मूठ, माझं बोट धरलेलं, सुटेना. मग निला पेटी घेऊन आली, दोन्ही मासे लखलखीत, एक खवला इकडचा तिकडं नाही. मी म्हटलं, चला, सोडू या. तेवढ्यात समोरनं तिप्पण्णा पळत आला, चपला नाहीत पायात. त्याच्या सुनेला कळा सुटलेल्या, पहिलटकरीण, आणि पोरीनं भीतीनं हातपाय गाळलेले. अंबुबाई उठली. निलानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "अप्पा, पहिले आठ दिवस मला लई भ्या वाटत होतं. बाळ रडायचं, मला काही जमायचं नाही, सगळे झोपलेले असायचे. मी या दोघांकडं बघत पडायची. तिला द्या की चार दिवस."

तिप्पण्णानं ऐकलं. जो मला विचारत होता, सुनेला डब्यात घालताव का, तो पेटीला दोन्ही हात लावून उभा. म्हणाला, "मी आधी हात धुऊन येतो." आणि धुऊन आला, कोपरापर्यंत! न्या म्हटलं बाबा.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मासे सव्वा महिन्यानं घरी आले. मी जाळी घेऊन तयार, तर निलाच, परत रत्नागिरीला जायला निघालेली, सामान बांधता बांधता म्हणते, "अप्पा, बाहेरनं आलेत, आता ते पुन्हा नवे. एकवीस दिवस." बरोबर आहे की! नियम तो नियम. ठेवले वेगळे. पंधरावा दिवस उजाडला नाही तोवर साखर पेठेतनं अंबुबाईचा निरोप, तिथं कुणाला कळा, पेटी पाठवून दे. आता ती म्हणते, माशांशिवाय मी बाळंतपणाला जात नाही, त्या पंपाच्या आवाजानं पोरं झोपतात. काल माझ्याकडं तिघीजणी येऊन तारखा सांगून गेल्या, आषाढापर्यंतच्या.

तेव्हा आता मासे पेठेचे, मी नुसता कॅन पुरवणारा. ओसरीवर तो एकटा पट्टेवाला काचेच्या आत आणि मी काचेच्या बाहेर, दोघं एकमेकांकडं बघत बसतो. आम्हा दोघांना काही रोग नाही हो, पण आत कुणी घेत नाही.