नवऱ्यानं सोडलं

वकीलबाई: आधी शांत व्हा. नवऱ्यानं सोडलेल्या बायकांनाही कायद्यात वाट असते.

बायको: मी शांतच आहे. डोळे लाल दिसतात ते कापडाच्या धुळीनं. सोफ्याची कव्हरं शिवते मी. आणि मला कोणी सोडलेलं नाही. हे काय, नवरा तुमच्यासमोर बसलाय.

नवरा: नमस्कार. मी... मीच तो.

वकीलबाई: तुम्ही नवरा? मला वाटलं, भाऊ सोबत आलाय. मग या नोटिशीत हे काय? 'पतीने सोडून दिल्याचे पत्नीने स्वतः मुलाखतीत सांगितले. सबब पतीच्या नोकरीवर मिळालेला तिचा राहण्याचा परवाना रद्द करण्यात येत आहे. महिनाअखेरपर्यंत देश सोडावा.'

बायको: तेच विचारायला तर आलोय.

नवरा: म्हणजे काय आहे ना मॅडम, परवान्याची मुदत वाढवायची होती. दर वेळी वाढवतात. या वेळी हिला एकटीला आत बोलावलं, आणि मग तिथे म्हणजे...

बायको: अहो, मी सांगते. तुम्ही सांगायला बसलात तर महिनाअखेर इथेच उजाडेल.

वकीलबाई: सांगा. त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय म्हणालात, जसंच्या तसं. वरून मीठमसाला नको.

बायको: आत एक साहेब होता आणि त्याच्या शेजारी दुभाष्या. साहेबानं विचारलं, इथे कशा आलात? मी म्हटलं, नवऱ्यानं सोडलं.

वकीलबाई: अरे देवा!

बायको: आता दुसरं काय म्हणणार? हे लिफ्ट बसवायची कामं करतात, कंपनीची व्हॅन आहे, जाता जाता मला दारात सोडलं. तेच सांगितलं.

वकीलबाई: पुढे?

बायको: साहेबाचा चेहराच उतरला. स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला. मला वाटलं, उन्हातून आलेय म्हणून देतोय. मनात म्हटलं, माणूस बरा आहे हो. मग त्यानं विचारलं, कधी? म्हटलं, आत्ताच, इथे खाली दारात.

नवरा: अगं...

बायको: मग म्हणे, परत येणार आहेत का? म्हटलं, काही सांगता येत नाही. काम लवकर आटोपलं तर येतील, नाहीतर मी माझी जाईन. मला काय नवीन आहे, रोजच सोडतात.

वकीलबाई: (हसू आवरत) माफ करा. हसण्यासारखं नाहीये हे.

बायको: हसा हो. दुसरीच्या बाबतीत झालं असतं तर मीही पोट धरून हसले असते.

वकीलबाई: पण दुभाष्या मराठी नव्हता का?

बायको: छे! मराठीचा हवा तर थांबावं लागेल म्हणाले. हा म्हणाला, तुमची-आमची भाषा म्हणजे सख्ख्या बहिणी, निभावून नेऊ. असतील बहिणी! म्हणून एकीचा नवरा दुसरीला चालतो का?

नवरा: ही चार लोकांत असंच बोलते मॅडम. मनावर घेऊ नका.

वकीलबाई: मी घेत नाही. बरं, ऐका दोघंही. दोन वाटा आहेत. पहिली सोपी. त्या कार्यालयाचा ठरलेला मजकूर असतो, 'मी मुलाखतीत चुकीची माहिती दिली, त्याबद्दल दिलगीर आहे.' त्याखाली सही करायची, लग्नाचा दाखला जोडायचा. आठवड्याभरात परवाना परत मिळतो.

नवरा: झालं की मग! द्या पेन.

बायको: पेन ठेवा हो खाली. मी चुकीची माहिती कधी दिली?

नवरा: अगं, नुसतं लिहून द्यायला आपलं काय जातंय?

बायको: तुमचं नसेल जात, माझं जातंय. वकीलबाई, हे लिहून दिलं की त्याचं काय होतं? काम झाल्यावर फाडून टाकतात?

वकीलबाई: नाही, फाइलमध्ये राहतं. पुढे कधी कायमच्या राहण्याचा अर्ज केलात, तर तिथे एक प्रश्न असतो, यापूर्वी चुकीची माहिती दिली होती का? तिथे तुम्हाला 'हो' लिहावं लागेल. त्यावरून अडवतीलच असं नाही. पण विचारतील.

बायको: ऐकलंत? चूक करायची त्या दुभाष्यानं आणि नाक घासायचं मी. तेही दर वेळी.

नवरा: दुसरी वाट काय मॅडम?

वकीलबाई: हरकत घ्यायची. मुलाखतीचं रेकॉर्डिंग असतं. ते मराठीच्या दुभाष्यासमोर पुन्हा ऐका, अशी मागणी करायची. या आत्ता म्हणाल्या तसंच त्यात असेल, तर नोटीस टिकू नये. निकाल लागेपर्यंत यांना बाहेर काढणार नाहीत, पण कामावर जाता येणार नाही. यात कितीही महिने जाऊ शकतात. आणि हरलात, तर बॅग भरायची.

नवरा: आणि मला काही...?

वकीलबाई: तुमची साक्ष लागेल. संसार चालू आहे हे तुमच्याइतकं कोण सांगणार? पण साक्ष दिलीत की तुमचीही फाइल उघडतील. तुमच्या कागदांत काही भानगड?

नवरा: नाही, तशी काही... म्हणजे...

बायको: सांगून टाका. डॉक्टर आणि वकील, यांच्यापासून काय लपवायचं?

नवरा: गेल्या वर्षी जुन्या कंपनीनं कमी केलं. नव्या कंपनीचा परवाना हातात यायच्या आधीच मी कामाला लागलो. थोडेच दिवस. घर चालवायचं होतं मॅडम.

वकीलबाई: हं. दंड होऊ शकतो. कधी कधी परवान्यावरही येतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

नवरा: म्हणून म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची! आपण इथे परके. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं, मानपान मागू नये.

बायको: सात वर्षं झाली! सात वर्षं राहिलेला पाहुणा पाहिलाय का कुठे? घरच्यांनी कधीच पिशवी हातात दिली असती. अहो, त्या कार्यालयातल्या बाकांच्या गाद्या आमच्या कारखान्यातून गेल्यात. अर्ध्या मी शिवल्यात. त्यांच्यावर बसून ते मला पाहुणी म्हणणार?

नवरा: कारखान्याची मालकीण तुझ्यासाठी थांबणार आहे का? दुसरी ठेवेल.

बायको: ठेवू दे. भीती मलाही वाटते. डोळे धुळीनं लाल झालेत म्हटलं ना मघाशी, तेवढं एक खोटं बोलले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण त्या कागदावर सही केली ना, तर मी या देशात खोटारडी म्हणून राहीन. तसं नाही राहायचं मला. राग येतो मला, कळतंय का तुम्हाला? फार राग येतो.

वकीलबाई: तुमचा राग बरोबर आहे. पण तो साहेब वाईट नसावा. त्याला खरंच दया आली असेल तुमची.

बायको: दया नकोच होती त्याची. 'म्हणजे काय हो बाई?' एवढं एकदा विचारलं असतं, तरी मला पुरलं असतं.

नवरा: पुन्हा एकदा विचार कर गं. आठवड्यात मिटतंय सगळं.

बायको: केलाय विचार. आणि तुम्ही साक्ष देऊ नका. तुमची नोकरी गेली तर दोघंही रस्त्यावर येऊ. माझं मी बघते.

वकीलबाई: नवऱ्याच्या साक्षीशिवाय बाजू लंगडी पडेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

बायको: पडू दे लंगडी. लंगडत जाईन. घ्या लिहायला.

वकीलबाई: बरं. 'मी नम्रपणे विनंती करते की...'

बायको: 'नम्रपणे' खोडा.

वकीलबाई: अहो, अशा अर्जाची सुरुवात तशीच करतात.

बायको: करत असतील. मी त्यांच्या पाया पडायला निघालेली नाही. लिहा, 'मी मुलाखतीत जे बोलले ते खरं बोलले. ते पुन्हा ऐकावं.'

वकीलबाई: एवढंच?

बायको: आणखी काय हवं? कायद्याचं काय असेल ते त्याच्याखाली तुम्ही घाला.

वकीलबाई: घालते. हं, वाचून बघा. पटलं तर इथे सही करा. साक्षीदाराची जागा मी मोकळी ठेवलीये.

बायको: मोकळीच राहू दे. ही घ्या माझी सही. अहो, तुम्ही निघा आता, उशीर होतोय. त्या नव्या इमारतीची लिफ्ट आज चालू करून द्यायचीये ना? लोक जिन्यानं चढत असतील बिचारे.

नवरा: चढू देत.

बायको: म्हणजे?

नवरा: मॅडम, साक्षीदारानं पूर्ण नाव लिहायचं, की नुसती सही चालते?