तुटक रेघ

चौक गावच्या एस.टी. थांब्यावर माझ्या शेजारी भूगर्भशास्त्र शिकणारी नात आणि तिचे आजोबा नकाशा उघडून बसले होते. ऐकू नये, पण ऐकलं.

"आबा, ही डोंगरातली भेग. दिसली तिथं सलग रेघ, नुसता अंदाज तिथं तुटक."

"आपल्या घराखालीच तुटक? शाई संपली काय गं?"

"सारवलेल्या जमिनीत भेग दिसते का? दिसली असती तर घर सोडावं लागलं असतं."

"म्हंजे सोडायला नको."

"नको. यंदा पावसाळाभर मीही तिथंच राहीन, आजीजवळ."

एस.टी. आली. दोघं उठली नाहीत.

"जागृती, चुलीमागं तुजी आजी दोन वर्सं भेग लिपतेय. मीच बोललो, पोरीला सांगू नको."

"कुठून कुठं जाते?"

"तुज्या रेघेसंगंच. पेन हाय ना? जोड ती."