कुलूप लावलेली खोली

वकीलबाईंच्या दाराबाहेर माझ्या शेजारी एक वायरमन आणि त्याची बायको बसली होती.

"आत गेल्यावर त्या बंद खोलीचं सांगायचं."

"मी नाही सांगणार."

"अहो, मावशींकडून हप्त्यांनी घेतलेलं घर मध्येच सोडलं तर भरलेलं सगळं बुडतं. माझी नोकरी दुसऱ्या गावात, रोज उडत जाऊ?"

"काका गेल्यापासून त्या खोलीत त्यांच्या वस्तू आहेत. मावशींना कधी किल्ली मागितली नाही, आणि आता त्यावरून करार मोडू?"

"पूर्ण घर ताब्यात दिलंच नाही, म्हणून पैसे परत मिळतात. वकीलबाईच म्हणाल्या."

"मावशींच्या हातचा चहा प्यायलोय मी."

"तुम्ही कुणाच्याही हातचा पिता!"

तेवढ्यात जिना चढून एक म्हातारी धापा टाकत आली.

"सरका जरा."

"मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"करार रद्द करायला माझी सही नको? आणि खोलीचं तू सांगणार नाहीस, म्हणून मीच सांगते. चूक माझी आहे."

"पण मग पैसे तुम्हाला परत द्यावे लागतील."

"देईन की. तुम्ही दिलेत तसे, हप्त्यानं. चालेल?"

"चालेल काय, धावेल!" बायको म्हणाली.

"काल कुलूप काढलं मी. आत दिवाच लागत नाही रे. जाण्याआधी तेवढं बघशील?"

"आत्ताच चला. पक्कड पिशवीतच आहे."

"अहो, आधी सही करा, मग पक्कड काढा!"