विमानाचं भारमान

हॅलो?… हॅलो, कोण?… लुंबिनी! बोल बाई, बोल… न्हाई, धाप न्हाई लागली. अंगणात फेऱ्या मारून राहिलो. घरात बसवत न्हाई.

काय म्हणलीस?… अगं, फोन वाजला की मला अजूनबी तोच दिवस आठवतो. भांडी घासता घासता तुझी आई खाली बसली, ती बसलीच. अन् तेवढ्यात तुझा फोन. नेहमीसारखी म्हणलीस, बाबा, आईकडं द्या. मी म्हणलो, आई न्हाई बाई. तू म्हणलीस, मंग आल्यावर द्या… हाव… हाव, न्हाई बोलत. तू रडू नको. पोटात लेकरू हाय.

जेवलीस का?… तिकडं रात झाली असंल. झोपायचं सोडून… तिकीट? हाव, जावईबापूंचा मेसेज आला. शनिवारचं, हैदराबादहून… बघितला की. अगं ऐक ना. शनिवारी कसं जमंल? रविवारी विमानवाले येणार हायेत.

अगं, कंपनीचे साहेब! नांदेडहून थेट टोरांटोला विमान सोडायचं का न्हाई, ते बघायला. वैजनाथराव सकाळपासून दोनदा येऊन गेला… तोच, कापड दुकानवाला. विमान समितीचा अध्यक्ष झालाय आता. म्हणतो, पंढरीभाऊ, तुमच्याशिवाय सभा न्हाई.

कामून म्हणजे? बोलायचंय मला तिथं… मला कुठलं भाषण येतंय? जन्मभर एसटीत तिकिटं फाडली. त्यानंच लिहून दिलंय. "थेट विमान असतं तर माझ्या लेकीला आईचं तोंड बघता आलं असतं"… हाव, तुझं नाव हाय त्याच्यात… थांब, चिडू नको. मी तरी कुठं खूश हाय? बॅनरबी केलाय. खाली तुझ्या आईचा फोटो, मामाच्या पोरीच्या लग्नातला. वर विमान. डोक्यावरून विमान चाललंय अन् ही हसून राहिली.

सांगितलं की! म्हणलो, वैजनाथराव, रडण्यावर गाडी सुटत न्हाई. भारमानावर सुटते… भारमान गं. गाडीत किती सीट भरल्या, ते. विसरलीस? आईनं तुला किती बार सांगितलं असंल.

तिच्या गावची गाडी न्हाई का, बिलोलीकडची. एसटी म्हणली, महिनाभर सोडून बघू. माणसं बसली तर ठेवू, न्हाई तर बंद. मंग सगळं गाव बसायचं, काम असो नसो. तुझी आई तर रोज. नायगावला उतरायची, च्या प्यायची अन् त्याच गाडीनं माघारी. मी म्हणलो, बाई, रोज रोज काय काम असतं तुमचं? म्हणली, तुमची गाडी भरायचं… हाव, तिथूनच सगळं… हसलीस ना? हास. बरं वाटतं.

विमानाचंबी तिनं तसंच धरलं होतं. गल्लीतल्या बायकांना सांगायची, गुरुद्वाऱ्याला कॅनडाहून लोक येतात, येताना ते बसतील. जाताना आपण बसू. रिकामं विमान कोण सोडंल?… आख्खी गल्ली हो म्हणली. ज्यांनी हैदराबाद बघितलं न्हाई, तेबी. मलप्पा म्हणला, मी बसतो, पण खिडकीपाशी… तिकिटाला किती पडतात, कुणी विचारलंच न्हाई. सगळ्यांना एसटीच वाटली.

अगं, भोळी न्हवती ती. बाळंतपणाला तर ती हैदराबादहूनच येणार होती, तुला कबूल केलं होतं. पण म्हणायची, एक बाळंतपण झालं म्हणून संपलं का? नातवंड हाय म्हणल्यावर गाडी रोजची पाहिजे.

म्हणून म्हणून राहिलो, रविवार होऊ दे. शब्द दिलाय मी… हो, हो… ऐकतोय… धावपट्टी? ती लांब करावी लागंल म्हणतात. मोठं विमान उतरत न्हाई आत्ता… कधी? ते कुणीच सांगत न्हाई. तिकडं लातूरवालेबी उठलेत, आमच्याकडं उतरवा म्हणून. काल आनंदराजमामा आला होता लातूरहून. म्हणतो, दाजी, तुमचं विमान नायगावला च्या प्यायला थांबणार का?… तुझ्या आईचाच भाऊ तो, दुसरं काय बोलंल?

हॅलो?… लुंबिनी?… काय म्हणले डॉक्टर?… बाळंतपण लवकर म्हणजे कधी?… अन् पायावर सूज?… जावईबापू कुठं हायेत?… रातपाळी. मंग घरात कोण हाय?… कुणीच न्हाई?

न्हाई, हाय मी. फेऱ्या बंद केल्या. ओट्यावर बसलो. तू बोल.

हं… हं… हाव बाई. आई असती तर या फोनवरच निघाली असती. चप्पल घालायचीबी ध्यानात राहिली नसती.

अगं, हट्ट न्हाई हा. तुला कसं सांगू… डॉक्टर त्या दिवशी तुला म्हणले, दोन विमानं बदलून, वर हैदराबादहून मोटारीत, एवढं न्हाई झेपायचं. जाऊ नका. तवापासून त्या रस्त्याचा मला राग हाय. त्या रस्त्यानं तू यायची होतीस. तिची माती तू मोबाईलवर बघितलीस, नंतरचं पुण्यानुमोदनबी मोबाईलवर. अन् आता त्याच रस्त्यानं मी जायचं? एकट्यानं? तिच्याबिगर?…

भ्यायलीस का तू?… खरं सांग…

बरं. ऐक. स्टँडवर लोक थेट गाडीची वाट बघत उभे राहायचे. मी दारातून ओरडायचो, अहो, लागलीय तिच्यात बसा, पुढं बदला! ज्यांनी ऐकलं ते घरी पोचले. बाकीचे तिथंच… हाव. हाव म्हणलो ना. शनिवारी निघतो… खरंच. तुझ्या आईची आण.

मला काय येतं? वरण येतं, पेज येती. लेकराला न्हाऊ घालणं न्हाई येत. शिकीन. दाखव, करीन.

सभेला? आनंदराजमामाला उभं करतो. लातूरचा माणूस नांदेडच्या विमानासाठी बोलंल! ती तर पोट धरून हसली असती… अन् बॅनरवरला फोटो आजच काढायला लावतो. मामाला सांगतो, भारमानाचं बोल, रडगाणं नको.

अन् तुला काय आणू?… बॅग? हाव, तिनं भरलेली. तशीच हाय पलंगाखाली, चेन लावलेली… वजन? ते कुठं केलंय. झबली हायेत, ओवा, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू… अगं, लाडू कशाचे चांगले राहतात आता? ते काढावे लागतील… हाव, बघतो… करतो म्हणलो ना… काय? आवाज तुटून राहिला… हॅलो?… लुंबिनी?… हॅलो?

कट झाला.

बॅग उघडायची राहिलीय अजून.