पेडव्याचा काटा

(डिचोलीतला दवाखाना, १९७१. डॉक्टर शिवदास. खुर्चीत तोंडाला पदर लावून बसलेली शालिनी, शेजारी तिच्या सासूबाई, कारापूरच्या यशोदाबाई. यशोदाबाईंचा थोरला मुलगा गोकुळदास पडद्याबाहेर बाकावर.)

डॉक्टर : ...म्हणजे थुंकीसुद्धा गिळता येत नाही?

यशोदाबाई : पदर बघा तिचो, चिंब झालो. दोन दिस ह्याच चललां. टॉन्सिल का काय म्हणतत ता सुजला आसतला. मिठाच्या गुळण्या करूक लावलंय, लसणीचा तेल चोळलंय. काय उपेग नाय.

डॉक्टर : ताप?

यशोदाबाई : आज सकाळपासून. अंग कढत लागता.

डॉक्टर : वहिनी, बोलू नका. कुठे दुखतं ते फक्त एका बोटानं दाखवा. हं... टॉन्सिलवाला माणूस सगळ्या गळ्यावरून हात फिरवतो. यांनी नेमकी एक जागा दाखवली, उजवीकडे, जबड्याखाली. काकी, दोन दिवसांत खाल्लं काय हिनं?

यशोदाबाई : पेज दिलंय, ती तशीच ठेवल्यान. आणि पोदेराकडचो उंडो घेवन कोरडोच गिळीत बसली.

डॉक्टर : कोरडा पाव? घसा दुखत असताना?

यशोदाबाई : होय तर. भाताचे मुटके पण. चावल्याशिवाय. माकाच नवल वाटला.

डॉक्टर : घसा दुखणारा माणूस पातळ मागतो, काकी. कोरडा घास असा ढकलतो तो एकाच कारणानं. वहिनी, माशाचा काटा अडकलाय ना?

शालिनी : न्हय... न्हय.

यशोदाबाई : काय बोलतास डॉक्टर! तिच्या पानात नुस्तें पडणा नाय, माशाचो तुकडो सुद्दां नाय. कपाळ बघा तिचा. माजो धाकटो, अनंत, ट्रकाखाली गेलो, तेका तीन वर्सां झाली.

गोकुळदास : डॉक्टर, मी इथून ऐकतोय हं. आमच्या घरात विधवा बाई मासळीला शिवत नाही.

यशोदाबाई : शिवता रे. खवळां कोण काढता? तळता कोण?

गोकुळदास : शिजवणं वेगळं, खाणं वेगळं. आई, तू मध्ये बोलू नको.

डॉक्टर : गोकुळदास, तुम्ही बाकावरच बसा. मी इथे गळा तपासतोय, घराची रीत नाही.

गोकुळदास : पोर्तुगीज गेले म्हणून घरची रीत जात नाही, डॉक्टर. बाजारात माझं दुकान आहे, चार माणसं मला ओळखतात. टॉन्सिलचं इंजेक्शन द्या आणि आम्हाला मोकळं करा. आणि शालिनीही ऐकतेय तर स्पष्टच सांगतो. काटा निघाला, तर ही आजच्या गाडीनं बांद्याला, बापाकडे. पद्मावती आमच्या अनंताची पोर. ती कारापूरलाच राहणार.

शालिनी : माका... काय झाला नाय. आई... घराक चला.

डॉक्टर : बसा. बसा म्हणतो ना! उभ्या राहिलात तर चक्कर येऊन पडाल. काकी, त्यांना धरा. आणि आता तिघंही नीट ऐका. जिभेच्या मुळाशी दोन बारीक खळगे असतात. त्यांच्या मागेच श्वासनळीवरचं झाकण. आपण घास गिळतो तेव्हा ते मिटतं, म्हणून अन्न श्वासात जात नाही. काटा त्या खळग्यात असणार. पावानं तो खाली गेला नाही, उलट आणखी आत रुतला. ताप आलाय, म्हणजे तिथे पू धरायला लागलाय. ते झाकण सुजलं तर श्वास कोंडेल. पू मागून छातीत उतरला तर पणजीचे मोठे डॉक्टरही हात टेकतील.

यशोदाबाई : देवा रे! मगे काढा ना तो!

डॉक्टर : काढतो. हा आरसा दिव्यावर ऊन करतो, म्हणजे श्वासाच्या वाफेनं धुरकटत नाही. वहिनी, तोंड उघडा. जीभ मी फडक्यात धरेन... उघडा... अहो, दात आवळून बसलात तर मी काय करू?

यशोदाबाई : जोर करून उघडूक येणा नाय?

डॉक्टर : नाही. चिमटा आत असताना तिनं हिसका दिला तर काटा श्वासनळीत जाईल. तिच्या मनानंच उघडायला हवं.

यशोदाबाई : उघड गो, बाय. शालिनी, आयकतंस मा?

शालिनी : पद्मू...

गोकुळदास : बघा, नाहीच म्हणतेय ती. काटा असता तर ओरडली असती. आई, चल, गाडी चुकेल.

यशोदाबाई : डॉक्टर, तो आरसो जरा खाली ठेवा. शालिनी, माज्याकडे बघ. ते बारके काटेरी मासे, पेडवे होते. परवाचे. जेवणां झाल्यार तू मागल्या दारात भांडी घासूक बसलंस, उरलेल्या तिखल्याचा, माशांच्या कालवणाचा मडक्या मांडयेर घेवन. तुजी पाठ होती माज्याकडे. तरी माका कळला तू काय करतंस ता. मी परत फिरलंय. पायांचो आवाज करूक नाय.

गोकुळदास : आई!

यशोदाबाई : गप ऱ्हव, गोकुळ. शालिनी, तीन वर्सां तू तळतंस, वाढतंस, आणि कोपऱ्यात बसान डाळ-भात खातंस. आमी तुज्यासमोर हात चाटतों. माका काय ता गोड लागता? लाज वाटता माका. दर दिसा वाटता. पण माजाच तोंड कधी उघडूक नाय. आज उघडलंय. आता तू उघड.

शालिनी : पद्मू... न्हेतले...

यशोदाबाई : कोण न्हेतलो? मी जिती आसंय ना? पोर तुजी, तुज्याच कुशीत निजतली.

गोकुळदास : हे तू ठरवणार?

यशोदाबाई : तुज्या बापाशीक मी सांगतंय आज. तुका काय बोलाचा आसात ता तेच्यापुढे बोल. हयसर सुनेचो जीव चललो आणि तुका दुकान सुचता!

डॉक्टर : वहिनी... शाब्बास. आणखी थोडं. काकी, मागून डोकं धरा, घट्ट. आता तोंडानं श्वास घ्या, धापा टाकल्यासारखे... हां... दिसला. आडवा पडलाय. हलू नका. ओकारी आली तरी गिळू नका... छे, निसटला.

यशोदाबाई : आता रे?

डॉक्टर : पुन्हा. आरसा पुसू दे. दोन श्वास घ्या, वहिनी. रडू नका, नाक चोंदतं.

यशोदाबाई : माजो हात धर. नखां रुतूं दी, माका काय होणा नाय. धर.

डॉक्टर : उघडा... तसंच... धरला. आता कुणी हलू नका. कुणी म्हणजे कुणी... आला!

शालिनी : आई... आई गो...

डॉक्टर : थुंका या भांड्यात. जरा रक्त येईल, घाबरू नका.

यशोदाबाई : इतकोसो? ह्या केसाएवढ्या काट्यान माजी सून मारूक घेतल्यान?

डॉक्टर : एकट्या काट्यानं नव्हे, काकी.

गोकुळदास : डॉक्टर, काय निघालं? काटा नव्हता ना? पू होता ना?

डॉक्टर : काय सांगू यांना, काकी?

यशोदाबाई : पडदो सारा. बघूं दी तेच्या डोळ्यांनी.

गोकुळदास : नको. राहू दे.

डॉक्टर : मग माझं ऐकून घ्या. हे इंजेक्शन आता, उद्या-परवा यांना पुन्हा आणायचं. मान सुजली, श्वास घेताना आवाज यायला लागला, तर एक क्षण थांबायचं नाही, सरळ पणजी. तोवर कोमट पेज. तिखट नाही, कोरडा पाव तर मुळीच नाही.

यशोदाबाई : आणि नुस्तें?

गोकुळदास : आई, हळू! बाहेर गावची माणसं बसलीत.

यशोदाबाई : म्हणानच मोठ्यान इचारतंय. डॉक्टर, माज्या सुनेन नुस्तें कधीपासून खाल्ल्यार चलात?

डॉक्टर : आठवडाभरानं. पण काटे नीट काढून.

यशोदाबाई : काटे मी काढून देयन.